माय संजनाला शिव्या घालायची, अनिरुद्धला काऊन नाही?

जिंतूररोड (परभणी):
माझी माय 62 वर्षांची. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका संध्याकाळी साडेसातला होती तोवर त्या वेळी आमच्या घरी कुकर लागत नव्हता. 2024 ला मालिका दुपारी अडीचला गेली तशी मायची दुपारची झोपच गेली. रूपाली भोसलेची संजना, म्हणजे दुसरीचा नवरा पळवणारी, दिसली की शेंगा फोडता फोडता टरफलं ताटलीत आपटायची, “आली बघ सटवी.” एकदा लाईट गेली (परभणीत हे काय सांगायचं) तर म्हणली, मोबाईलवर लाव. लावलं. त्या भागात संजनाच नव्हती. पाच मिनिटांत मोबाईल परत, “राहू दे, नेट जायलं उगं.”

समीक्षक म्हणतात, बाईच बाईची वैरीण दाखवतात, तेच ते दळण. पटतं मला. पण घर मोडलं कोणी? बायको सोडून संजनाच्या मागं गेलेल्या अनिरुद्धनं. त्याला मायनं कधी शिवी घातलेली ऐकली नाही. तुमच्याकडं कसं होतं?

लातूरची_लेक:
आमच्या सासूबाईंचं वेगळंच. 2018 ला ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मालिकेत नवऱ्याच्या मागं लागलेली शनाया बदलली, रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली. सासूबाई पंधरा दिवस नाराज. का? तर “हिला नीट वाईट वागता येईना.” 2020 ला रसिका परत आली त्या दिवशी सगळ्यांना आतून हाका मारल्या, “या गं, आपली आली!”
आपली म्हणे. त्या राधिकाला, खऱ्या बायकोला, कधी आपली म्हणल्या नाहीत.

अंबाजोगाईवाला:
माझाच किस्सा सांगतो. 1987 ला गावच्या जत्रेत नाटकात मी सावकार होतो. मेव्हण्याचा कोट, काजळाच्या मिशा. दुसऱ्या अंकात विधवेचा हंडा उचलून नेतो, बाया पदर तोंडाला लावून रडायल्या. मला वाटलं आता गावात तोंड दाखवायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारची म्हातारी दारात. मी घाबरलो. ती म्हणली, “बाळा, 150 रुपये दे की उसने, सुगी झाली की देते.” माझ्याकडं 20 पण नव्हते! तिनं शेवटपर्यंत इश्वास ठेवला नाही.
निळू फुल्यांना बाया शिव्या द्यायच्या म्हणतात. मला शिव्या परवडल्या असत्या.

खडू_फळा (नांदेड):
जिंतूररोड, तुमचा प्रश्न वाचून अण्णा नाईक आठवले. ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेच्या 2016 च्या पहिल्या पर्वात हा माणूस सुरुवातीलाच मेलेला. 2019 च्या दुसऱ्या पर्वात त्याला जिवंत दाखवलं आणि माधव अभ्यंकरांनी असा उभा केला की आमच्या स्टाफरूममध्ये मास्तर लोक त्याच्या आवाजात एकमेकांना हाका मारायले. माणूस कसा? बाहेरख्याली, खुनशी. तरी त्याची नक्कल कौतुकानं, संजनाला मात्र सटवी.
‘देवमाणूस’ मालिकेबद्दल मात्र मी समीक्षकांच्या बाजूनं आहे. वाईच्या खऱ्या खुनांवरून घेतलेली गोष्ट, मेलेल्या बायांची घरं अजून तिथंच आहेत. खुनी डॉक्टर झालेल्या किरण गायकवाडचं काम भारी होतं, वाद नाही. पण लोकांनी ‘डॉक्टर डॉक्टर’ म्हणून लाडावलं, ते मला पचलं नाही.

जिंतूररोड (परभणी):
काल रात्री मायलाच विचारलं. बाप शेजारी जेवत होता. माय भाकरी थापता थापता म्हणली, “तुझ्या आजोबांनी वरणात मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं होतं. भात मी खराट्यानं गोळा केला आन् शिव्या घातल्या तुझ्या आजीला. मनात.”
मी म्हणलं, आजीला काऊन? तिनं काय केलं होतं?
“काही नाही. ती बाजूला बसून जेवत होती.”
बापानं दुसरी भाकरी मागितली नाही. मायनंच वाढली.