जुलैची सहल : विंचेस्टर एके विंचेस्टर

प्रेषक : सहल समिती

नमस्कार मंडळी,

जुलैच्या तिसऱ्या शनिवारची सहल इंग्लंडमधल्याच विंचेस्टर या जुन्या शहरी नक्की झाली. साडेदहाला कॅथीड्रलच्या पश्चिम दाराशी जमायचं. या वेळी कोच नाही, आपापल्या ट्रेनने या. वॉटर्लूहून साधारण तास, साउदॅम्प्टनहून वीसेक मिनिटं. स्टेशनातून उताराने चालत आलं की झालं.

बेत असा : कॅथीड्रल, ग्रेट हॉलमधलं दंतकथेतल्या राजा आर्थरचं गोल टेबल, सिटी मिल (जुनी पाणचक्की), गुरखा म्युझियम, सेंट क्रॉस आणि जमल्यास परतताना स्टोनहेंज. नावं गुरुवारपर्यंत कळवा.

प्रेषक : खजिनदार

'जमल्यास स्टोनहेंज' वाचून धडकी भरली. गेल्या वर्षी अशाच बेतात आपण पाच ठिकाणचे कार पार्क आणि चार ठिकाणची स्वच्छतागृहं पाहिली, आणि कोचवाल्याने जादा तासांचे पैसे लावले ते वेगळंच. दुसरं, ट्रेनने येणारी माणसं स्टोनहेंजला जाणार कशी? ते विंचेस्टरच्या वाटेवर नाही.

शिवाय चर्चला तिकीट का, असं दोघांनी फोन करून विचारलं. उत्तर इथेच देतो : पाहायला येणाऱ्याला तिकीट आहे, प्रार्थनेला येणाऱ्याला नाही. संध्याकाळच्या गायलेल्या प्रार्थनेला, म्हणजे ईव्हनसाँगला, कुणीही जाऊन बसावं. फक्त मधेच उठून फोटो काढू नयेत.

प्रेषक : रेडिंगचे काका

सप्रेम नमस्कार.

खजिनदारांशी मी पहिल्यांदाच सहमत आहे, तारीख लिहून ठेवा. स्टोनहेंज काढा. गुरखा म्युझियमही ज्यांना हवं त्यांनी स्वतंत्र करावं. गोल टेबल दहा मिनिटांत पाहून होतं. अठरा फूट व्यासाचं, भिंतीवर टांगलेलं ओक लाकूड. आर्थरचा त्याच्याशी संबंध नाही, तेराव्या शतकाच्या शेवटी पहिल्या एडवर्डच्या काळात ते बनलं. पुढे आठव्या हेन्रीने रंगवून घेतलं आणि मधोमध आपल्या ट्यूडर घराण्याचा गुलाब काढवला. गोलमेज परिषदेचे फोटो तिथे काढून घ्या आणि खाली कॅथीड्रलला चला.

तिथे मला तुम्हाला एकच गोष्ट दाखवायची आहे. आयुष्यभर पीडब्ल्यूडीत पाये भरले, म्हणून सांगतो.

1079 साली नॉर्मनांनी हे बांधायला घेतलं ते इचेन नदीच्या खोऱ्यात, पाणथळ जागेवर. पूर्वेकडचा भाग 1200 च्या सुमारास वाढवला तेव्हा खाली दलदल. म्हणून बीचच्या झाडांचे ओंडके आडवे टाकले आणि त्या तराफ्यावर भिंती उभ्या केल्या. सातशे वर्षं ते तगलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र भिंती कलल्या, हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. चर खणून पाहिलं तर ओंडक्यांखाली पीट, म्हणजे कुजलेल्या पाल्याची काळी माती, आणि त्याखाली घट्ट खडी. पाया खडीपर्यंत न्यायचा, तर तिथे पोचेपर्यंत चर पाण्याने भरून जायचा. पंप लावून उपसावं, तर पाण्याबरोबर माती निघून येणार आणि वरची भिंत बसणार. आमच्याकडच्या विहिरीच्या कामात हा प्रकार पाहिलाय, अंगावर काटा येतो.

तेव्हा फ्रान्सिस फॉक्स या इंजिनिअरने पाणबुड्या आणला. विल्यम वॉकर. 1906 ते 1911, दिवसाला सहा तास, जवळजवळ वीस फूट पाण्याखाली. पाणी इतकं गढूळ की दिव्याचा उपयोग नाही, सगळं हाताने चाचपून. पीट खरवडून काढायचं, खडीवर काँक्रीटच्या गोणी रचायच्या, त्या फाडायच्या, वर पुढचा थर. तळ असा बुजला की मग पंप लावता यायचा आणि गवंडी उतरायचे. पंचवीस हजारांवर गोणी त्याने एकट्याने लावल्या. गवंड्यांच्या विटा नऊ लाख. बाहेर दक्षिण बाजूला टेकू दिसतील, ते मध्ययुगीन समजून भारावून जाऊ नका, याच कामातले आहेत.

आता गंमत. आत पूर्वेच्या टोकाला वॉकरचा छोटा पुतळा आहे, पाणबुड्याच्या पोशाखातला. 1964 साली बसवला तेव्हा शिल्पकाराला मिळालेल्या फोटोत दोघं होते, आणि त्याने चेहरा घडवला इंजिनिअर फॉक्सचा! 2001 मध्ये तो बदलून खऱ्या वॉकरचा लावला. सदतीस वर्षं साहेबाचं डोकं मजुराच्या धडावर. आपल्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत नेपथ्यवाल्याच्या नावाखाली अध्यक्षांचा फोटो छापला गेला होता, तसंच.

तळघरही पाहा. मी फेब्रुवारीत गेलो होतो. कमानींखाली घोट्याच्या वर काळंशार पाणी, आणि त्यात उभा एक शिशाचा माणूस, ओंजळीतल्या पाण्याकडे मान घालून बघतोय. शिल्पकार अँटनी गॉर्मलीचं काम, 1986 पासून तिथे. थेंब पडला की कमानींची प्रतिबिंबं मोडायची आणि पुन्हा जुळायची. जुलैत जमीन कोरडी असेल, तरी भिंतींवरच्या पाण्याच्या रेघा बघा.

प्रेषक : एक नवी सभासद, बेसिंगस्टोक

काका, वाचून नवऱ्याला पण यायचंय, आणि त्याला एरवी चर्च म्हटलं की झोप येते. :)

माझं कारण वेगळं आहे. जेन ऑस्टिन. शेवटच्या आजारपणात ती उपचारासाठी इथे आली आणि 18 जुलै 1817 ला कॉलेज स्ट्रीटवरच्या घरात वारली, वय एक्केचाळीस. कॅथीड्रलच्या उत्तरेकडच्या पडवीत तिच्या थडग्यावरची फरशी आहे. मागच्या वेळी मी दोनदा वाचली, आपलंच काही चुकतंय असं वाटून. स्वभाव, बुद्धी, श्रद्धा, सगळ्याचं कौतुक, पण ती कादंबऱ्या लिहायची याचा उल्लेख नाही! लेखनाचा उल्लेख भिंतीवरच्या पितळी पाटीवर आहे, ती पन्नासहून जास्त वर्षांनी लावलेली.

तिथेच मागे वळून पश्चिमेची मोठी खिडकी बघा. 1642 मध्ये, राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात, पार्लमेंटच्या सैनिकांनी ती फोडली, म्हणे पेट्यांतली जुन्या राजांची हाडं फेकून. राजेशाही परतल्यावर गोळा केलेले तुकडे पुन्हा बसवले, पण चित्र जुळवलंच नाही. कुठे अर्धा चेहरा, कुठे निळा पदर. आजीच्या गोधडीसारखं. माझा मुलगा अर्धा तास त्यात डोळे शोधत होता, त्यामुळे मुलांची काळजी नको.

प्रेषक : साउदॅम्प्टनच्या आजी

सर्वांना आशीर्वाद.

समितीने तारीख न बघता ठरवलेली दिसते. 15 जुलै हा विंचेस्टरच्या संत स्विदनचा दिवस. त्या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो, असं इथे म्हणतात. त्याला बाहेर, पावसात पुरून हवं होतं, लोकांनी आत हलवलं, म्हणून त्याचा हा राग. मला ऐकून फार आपलं वाटलं. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' आम्ही म्हणायचो. मघा नक्षत्राची पण एक आहे, ती लिस्टवर लिहिण्यासारखी नाही, भेटल्यावर सांगेन. छत्र्या आणा.

सेंट क्रॉस गाळू नका हो. नदीकाठच्या कुरणांतून मैलभर सपाट वाट आहे, माझे गुडघे चालले तर तुमचेही चालतील. बाराव्या शतकातलं धर्मादाय घर, अजून म्हातारे ब्रदर तिथे राहतात, काहींचा झगा काळा, काहींचा लाल. देवडीवर जाऊन मागितलं की वाटसरूला पावाचा तुकडा आणि शिंगाच्या पेल्यात घोटभर बिअर मिळते. मागावं लागतं, आपण होऊन देत नाहीत. मी मागितला. पाव खाल्ला, बिअर ह्यांना दिली.

प्रेषक : सहल समिती

बरं. स्टोनहेंज रद्द. सकाळी ग्रेट हॉल, मग कॅथीड्रल (काका बोलणार, पण पाऊण तासाच्या आत), जेवण, कुरणांतून सेंट क्रॉस, आणि ज्यांना थांबायचंय त्यांना ईव्हनसाँग. सिटी मिल वाटेत पडली तर.

देवडीवर चाळीस जणांनी एकदम हात पसरू नयेत, ही विनंती.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बेसिंगस्टोककर आणताहेत. दही कोण आणणार? आजी, तुम्ही नाही, तुम्हाला छत्री धरायची आहे.