बंदरातील धूर केवळ ट्रकांचा नव्हे
बंदरातील धुराला ट्रकच जबाबदार आहेत, हे मत मला अर्धेच पटते. आपल्या डिझेलमध्ये एप्रिल २०२० पासून गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १० आहे. जहाजांच्या इंधनात मात्र त्याच वर्षीच्या जागतिक नियमानंतरही ०.५० टक्के, म्हणजे दशलक्ष भागांत ५,००० (आपल्या डिझेलच्या ५०० पट) गंधक चालते. धक्क्याला लागलेले जहाज दिवे, पंप यांसाठी साहाय्यक इंजिने चालूच ठेवते, म्हणून त्याला किनाऱ्यावरून वीज देणे महत्त्वाचे. तथापि रावेर-सावद्याची केळी न्हावा-शेवा बंदरात नेणारी आमची वाहनेही निर्दोष नाहीत: रांगेत ट्रकचे इंजिन बंद केले, तरी रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचा डिझेल जनरेटर धडधडतच राहतो (केळी काही थांबत नाहीत!). तेथे वाहनतळावरच विजेची जोडणी मिळायला हवी.