मदत हवी आहे : मनगटी पट्ट्यावरील झोपेची नोंद आणि ‘सेन्सिटिव्ह’ सेटिंग

नमस्कार. माझे वडील रात्री बराच वेळ जागे असतात, परंतु कूसही न बदलता स्वस्थ पडून राहतात, आणि मनगटावरचा पट्टा हा सगळा काळ झोप म्हणून धरतो. अॅपमध्ये ‘नॉर्मल’ आणि ‘सेन्सिटिव्ह’ असे दोन पर्याय आहेत. दुसरा निवडला की बारीकसारीक हालचालही जागेपणात मोजली जाते आणि झोपेचा आकडा एकदम खाली येतो. (वडिलांना अर्थातच पहिला आकडा पसंत आहे.)

पॉलिसोम्नोग्राफीत (म्हणजे प्रयोगशाळेत रात्रभर होणाऱ्या झोपेच्या तपासणीत) मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण नोंदवून दर ३० सेकंदांच्या झोपेची अवस्था ठरवली जाते, तर पट्ट्याकडे हालचाल मोजणारा अॅक्सेलरोमीटर आणि त्वचेवर प्रकाश टाकून नाडी टिपणारा सेन्सर एवढेच असते. त्यामुळे झोप ओळखण्यात ही साधने बरी ठरतात, मात्र निश्चल जागेपण ओळखण्यात कमी पडतात. मग संवेदनशीलता वाढवून मूळ अडचण सुटेल असे मला वाटत नाही, कारण जिथे हालचालच नाही तिथे अधिक बारकाईने मोजणार तरी काय?

तरीही ज्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली असेल आणि त्याच रात्री पट्टाही बांधलेला असेल, त्यांनी कोणते सेटिंग प्रत्यक्षाच्या जवळ गेले हे कृपया सांगावे. पट्टा सैल असल्यास नोंदीत कितपत फरक पडतो? डॉक्टरांना दाखवण्यासाठी हाताने लिहिलेली झोपेची रोजनिशी अधिक उपयोगी ठरेल का, हेही जाणून घ्यायचे आहे.