रेसकोर्स की परदेशी ॲप? भाव आणि पैसे काढण्याबद्दल

हडपसरकर: रेसकोर्सवर घोड्यावर पैसे लावले की कराने कंबरडं मोडतं. परदेशी ॲपवर भाव (जिंकल्यावर पैजेच्या किती पट मिळतील ते) चढा दिसतो, क्रिकेटही आहे. ‘कुरसावचं लायसन्स’ (कॅरिबियन बेटाचा परवाना) आहे म्हणतात. ते इथे चालतं का? भाव खरंच जास्त पडतो का?

घोडामैदान: नाही चालत. महाराष्ट्राच्या 1887 च्या जुगारबंदी कायद्यातली सूट फक्त परवाना असलेल्या रेसकोर्सवरच्या शर्यतीच्या पैजेला आहे. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने लक्ष्मणन खटल्यात शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला, तोही घोड्यांपुरताच. क्रिकेटची पैज यात कुठेच बसत नाही. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांचा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. बँकांना मात्र असे व्यवहार करायला मनाई आहे. कुरसावचा कागद इथल्या पोलीस ठाण्यात दाखवून उपयोग शून्य.

टोटवाला: भावाचं बोलू. 22 सप्टेंबर 2025 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे. 100 ची पैज, कर वरून धरला तर खिशातून 140 जातात. एकास एक भावाला (100 वर 100 नफा) जिंकलात तरी हातात 200, म्हणजे नफा 60 च. ॲपवर हा कर भरलाच जात नाही, म्हणून भाव गोड लागतो.

टोट (सगळ्यांच्या पैजा एकत्र जमवून जिंकणाऱ्यांत वाटणारा पूल) आणि बुकी (स्वतः भाव देऊन पैज घेणारा) यांतही गल्लत करू नका. बुकीने तिकिटावर लिहिलेला भाव पक्का. टोटचा शेवटपर्यंत हलतो: समजा विनच्या (पहिल्या येणाऱ्या घोड्यावरच्या) पूलमध्ये 1,00,000 जमले, वजावट जाऊन 80,000 उरले आणि जिंकलेल्या घोड्यावर 16,000 लागलेले होते, तर 10 रुपयांना 50. रिंगमध्ये (बुकी बसतात तिथे) कुणी कर वाचवायला अधिकृत तिकिटाऐवजी कच्ची चिठ्ठी देऊ केली तर घेऊ नका, तक्रारीला हातात काही राहत नाही. आणि निकाल अंतिम जाहीर होईपर्यंत तिकीट फाडू नका. ऑब्जेक्शनमध्ये, म्हणजे निकालावर हरकत घेतली गेली तर, क्रम बदलू शकतो.

हडपसरकर: ॲपवर पैसे भरताना यूपीआय आयडी दर वेळी वेगळा येतो. का?

घोडामैदान: दुसऱ्यांच्या नावाची, भाड्याने घेतलेली खाती. एक गोठलं की दुसरं. खरी गोची जिंकल्यावर होते: तुमच्या खात्यात येणारी रक्कम अशाच खात्यातून येते. त्याच खात्यात कुणा फसवलेल्या माणसाचे पैसे फिरले असतील आणि त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर साखळीतलं तुमचं खातंही गोठतं. मग बँकेकडून लेखी घ्या: तक्रार क्रमांक, कुठल्या राज्याचं कुठलं पोलीस ठाणं, नेमकी किती रक्कम अडवली. पूर्ण खातं बंद असेल तर वादातल्या रकमेपुरतंच अडवा असा अर्ज त्या तपास अधिकाऱ्याकडे करावा लागतो.

टोटवाला: बोनसची अटही बघा. 5,000 च्या बोनसवर ‘दहापट’ लिहिलं असेल तर 50,000 च्या पैजा लावल्याशिवाय काढता येत नाही. आणि जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आहेच; रेसकोर्सच्या पैजांत हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.