मदत हवी आहे: पाळी दर आठवड्याला बदलते, पाळणाघराची वेळ मात्र ठरलेली

मंडळी,

मी दुकानात काउंटरवर, नवरा गोदामात. दोघांच्याही पाळ्या फिरत्या. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या शुक्रवारी संध्याकाळी मोबाईलवर येतात; आधी विचारलं तर "बघू". मुलगी पावणेतीन वर्षांची आहे.

पाळणाघरात जागा महिन्याची घ्यावी लागते. मूल येवो न येवो, पैसे पूर्ण. आणि पहाटेची किंवा रात्री उशिरा सुटणारी पाळी असते तेव्हा तिथे कुलूप! म्हणजे न वापरलेल्या तासांचे पैसे भरा आणि हव्या त्या तासांसाठी कुणाच्या तरी हातापाया पडा. त्यांचीही बाजू कळते म्हणा. एक मूल मंगळवारी आलं नाही म्हणून सांभाळणाऱ्या बाईंचा पगार कापता येत नाही. तासावर घेणारे आहेत, पण त्यांच्या दरात माझी त्या तासाची कमाई जवळजवळ संपते.

म्हणून कामावरची आम्ही चार घरं मुलं आळीपाळीनं सांभाळायचा विचार करतोय. पैसे नाहीत, तासांची कुपनं: दुसऱ्याचं मूल सांभाळलं की कुपन मिळणार, आपलं ठेवलं की द्यावं लागणार. १९७० च्या दशकात वॉशिंग्टनमध्ये सुमारे १५० जोडप्यांनी असं मंडळ चालवलं होतं. तिथे जो तो अडीनडीला म्हणून कुपनं राखून ठेवायला लागला. कुणी बाहेर पडेना, त्यामुळे कुणाला कुपन कमवताही येईना. जास्तीची कुपनं वाटली तेव्हा गाडं हललं. पुढे कुपनं इतकी झाली की सांभाळायला माणूस मिळेना. त्यांची निदान संध्याकाळची मौज बुडत होती; आमची हजेरी बुडेल.

तर उसने तास किती द्यावेत? रात्रीचा तास दिवसाच्या तासाएवढाच धरायचा का? मूल झोपलेलं असतं हे खरं, पण दुसऱ्याचं मूल घरात असताना आपल्याला कुठे धड झोप लागते! एका घरात दोन मुलं आहेत, त्यातलं एक सात महिन्यांचं. त्यांनी दुप्पट तास द्यायचे? आणि ताप आला तर काय?

प्रतिसाद:
चार घरांत कुपनं कशाला, वही पुरे. जमा-नावे लिहा आणि महिनाअखेरीस सगळ्यांसमोर वाचा. प्रत्येकाला वीसेक तास उणे जाऊ द्या. त्यापुढे आधी फेड, मग मागणी. रात्रीचा तास आम्ही पूर्णच धरायचो. अर्धा धरलात तर रात्री कुणीच तयार होत नाही. दोन मुलांना दीडपट.

प्रतिसाद:
ताई, तापाचं आधीच ठरवा, ऐनवेळी भिडेपोटी कुणी नाही म्हणत नाही. औषध न देता २४ तास ताप नसेल तरच मूल पाठवायचं. उलट्या-जुलाब थांबून ४८ तास झालेले हवेत. बाळाला कुणाच्याही घरी पाठीवरच झोपवायचं, सपाट घट्ट गादीवर, उशी-पांघरुणाच्या गराड्याशिवाय. बाळ असेल त्या वेळी त्या माणसाकडे आणखी दोनच मुलं, जास्त नकोत. औषधाचं नाव, किती द्यायचं आणि कुणाला फोन करायचा हे कागदावर लिहून पिशवीत ठेवा.

प्रतिसाद:
तुमच्याकडचा कायदाही बघून घ्या. इंग्लंडमध्ये २००९ साली दोन पोलीस मैत्रिणी एकमेकींच्या मुली सांभाळत होत्या. पैशाचा व्यवहार नव्हता, तरी बदल्यात सांभाळणं हाच मोबदला धरून नोंदणीशिवाय चालणार नाही असं त्यांना कळवण्यात आलं. ओरड झाल्यावर सरकारनं मैत्रिणी-मैत्रिणींतल्या अशा अदलाबदलीला सूट दिली.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. वहीचं पटलं, ती माझ्याकडेच येणार असं दिसतंय. कायद्याचं उद्याच विचारते. रात्रीचा तास पूर्ण धरायचा तर आमच्या घराचे तास लगेच उणे होतील, कारण नवऱ्याला रात्रपाळी जास्त लागते; तरी तसंच धरू. एक अडतंय: चौघांपैकी दोघींना एकाच वेळी पहाटेची पाळी लागली आणि तिसरीकडे आधीच तीन मुलं असली, तर कुणाला नाही म्हणायचं? आधी सांगेल तिला जागा असं ठेवलं, तर शुक्रवारी मेसेज येताच फोनवर झुंबड उडेल. कुणी पाळीपाळीनं पहिला हक्क देऊन पाहिलंय का?