सिसिलीतला रोमन व्हिला: बाबांना मोझॅक जवळून दाखवायचंय, माहिती हवी

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरअखेरीस आई-बाबांना घेऊन सिसिलीला जातोय, मुक्काम कातानियात. बाबांनी एकच ठिकाण मागितलंय: पियाझ्झा आर्मेरिना गावाजवळचा 'व्हिला रोमाना देल कासाले'.

बाबांनी चाळीस वर्षं सांगलीत फरशीकाम केलं. चिप्सच्या लाद्या, घासकाम, गच्चीवर चायना मोझॅक, सगळं. या व्हिलात चौथ्या शतकातलं मोझॅक सुमारे ३,५०० चौरस मीटर आहे, असं मी वाचून दाखवलं, तर लगेच म्हणाले, "म्हणजे पावणेचारशे ब्रास!" (फरशीकामात एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट.) बाराव्या शतकात दरड कोसळून हे सगळं चिखलाखाली गेलं आणि मोठं उत्खनन थेट १९५०च्या दशकात झालं. त्यावर त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं दबून राहूनही जमीन उखडली नाही, म्हणजे खालचा कोबा पक्का असणार.

शिकारीच्या चित्रांचा तो साठ मीटरहून लांब कॉरिडॉर त्यांनी फोनवर मोठा करून करून पाहिलाय. एका टोकाला हस्तिदंत धरलेली सावळी बाई आहे, शेजारी हत्ती आणि वाघ. बरेच अभ्यासक तिला भारताचं रूप मानतात. आईला त्याचं अप्रूप वाटलं. बाबा मात्र वाघाच्या पाठीवर अडकले. खड्यांच्या ओळी अंगाच्या गोलाईबरोबर कशा वळवल्यात, ते मला बोटाने दाखवत होते.

अडचण अशी, की तिथे उंचावर बांधलेल्या पुलावरून चालत खाली बघायचं असतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त उभं राहवत नाही. गेल्या वर्षी एका टूरवाल्याने दुसऱ्या एका ठिकाणी इतकी घाई केली, की बाबा अर्ध्यातूनच परत फिरले. म्हणून या वेळी आम्ही आमचे आम्हीच जाणार आहोत.

जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सांगा: पुलावरून जमीन सगळ्यात जवळ कुठे दिसते? खडे नि सांधे नुसत्या डोळ्यांना दिसतात, की दुर्बीण न्यावी? जिने किती आहेत, मध्ये टेकायला बाक आहेत का? कातानियाहून गावापर्यंत बस आहे, पण पुढच्या काही किलोमीटरसाठी टॅक्सी मिळते का, आणि परतीसाठी तिला थांबवून ठेवावं लागतं का?

कॉरिडॉरमध्ये ऊन कोणत्या वेळी चित्रांवर येतं, हेही कुणाला आठवत असेल तर नक्की लिहा. बस त्याप्रमाणे ठरवेन.