रिपोर्ट नॉर्मल आला, मग मागचं कशाला उगाळायचं?

परळकर: ऑफिसच्या चेकअपमध्ये यंदा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल सगळं नॉर्मल. आठ महिने शिवाजी पार्कला फेऱ्या मारल्या, संध्याकाळचा वडापाव सोडला. त्याआधी नऊ-दहा वर्षं बीपी 150 च्या घरात होतं, गोळी टाळली, कबूल. डॉक्टर मात्र जुने रिपोर्ट मागतात. आजचा आकडा बरा असताना जुनी रद्दी कशाला?

विनू भांडुप: रद्दी कसली, पासबुक आहे ते. शिल्लक बघून कर्ज किती वर्षं थकलं होतं ते कळत नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती आहे, तसंच किती वर्षं चढं होतं हेही धमनीला लागतं. धमनीत चरबीचा थर काही एका रात्रीत बसत नाही. अमेरिकेत 1985-86 मध्ये 18 ते 30 वयाची पाच हजारांवर मुलंमुली निवडून वर्षानुवर्षं तपासली. तरुणपणापासून ज्यांचे आकडे बरे राहिले, त्यांना पुढे हृदयविकार कमी. आणि आपल्याकडे तर हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो.

मीनल, विरार: झालं! म्हणजे पन्नाशीच्या माणसाने हातपाय गाळून बसायचं? सिगरेट सोडली की धोका उतरायला लागतो, बीपी खाली आणलं की पक्षाघात टळतात. शिवाय अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 मध्ये हृदय जपायच्या यादीत झोपही घातली. 5:40 ची लोकल पकडणाऱ्या बाईने सात तास झोप कुठून आणायची? तरुणपणापासून हृदय जपा म्हणणं सोपं आहे हो.

बेस्टचा पास: लंडनच्या डबलडेकरवर 1953 मध्ये पाहिलं होतं, जिने चढणाऱ्या कंडक्टरपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरला हृदयविकार जास्त. (आपल्या जुन्या डबलडेकर 2023 मध्ये गेल्या, तो वेगळा घाव.)

परळकर: बघा, हालचाल महत्त्वाची! तेच तर करतोय.

विनू भांडुप: पुढचं ऐका. 1956 मध्ये त्यांच्याच गणवेशाच्या नोंदी काढल्या, तर तरुण ड्रायव्हरांच्या पँटची कंबरही कंडक्टरांपेक्षा मोठी. म्हणजे फरक थोडाफार आधीपासूनच होता. एका वेळचा फोटो असा फसवतो.

मीनल, विरार: हे मान्य. पण त्यांना घाबरवू नका, आठ महिने चालतायत.

परळकर: रिपोर्ट माळ्यावर आहेत, 2015 पासूनचे. काढतो. गोळी लिहून दिली तर मात्र विनूला दोष देणार.